वर बघायचे दोनशे

मान वर केली की आकाश दिसतं. त्याचे आजवर कुणी पैसे मागितले नव्हते. ते मागणारा माणूस जन्माला यायचा होता. तो आला, शिकला, परीक्षा पास झाला आणि आमच्या पालिकेत साहेब म्हणून लागला.

दरवर्षी पालिकेच्या वर्धापनदिनाला आमच्या घरासमोरच्या मैदानावर दारूकाम होतं. शोभेचं. हे 'शोभेचं' मी हल्ली न विसरता लावते. न लावल्याने काय होतं ते पुढे येईलच. तर संध्याकाळी सातला सुरू आणि साडेसातला खलास, असा हा अर्ध्या तासाचा मामला. आसपासच्या चार गल्ल्यांतली माणसं चटया घेऊन मैदानावर बसतात, माना वर करतात, 'आऽऽ' करतात, माना खाली करतात आणि चटया झटकून घरी जातात. मारामारी नाही, बोलाचाली नाही. भाषण असतं, पण ते कुणी ऐकत नाही. इतकी साधी गोष्ट इतकी वर्षं बिनबोभाट चालू होती, हेच पालिकेला खुपलं असणार.

या वर्षी तीन आठवडे आधीच मैदानाभोवती पत्रे उभे राहायला लागले. मला वाटलं, मैदान दुरुस्त करतायत. माणूस दोन मुलांच्या आईएवढा दमला की असा भाबडा होतो. मग एका सकाळी पत्र्यावर फलक लागला: 'भव्य आतषबाजी. सर्वांसाठी खुली. प्रवेशमूल्य माणशी दोनशे. तीन वर्षांवरील बालकांस पूर्ण तिकीट.'

मी तो फलक तीनदा वाचला. वाचणं हा माझा धंदाच आहे. शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं मी घरी बसून तपासते. दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घांवर आमचं निम्मं घर चालतं. उरलेलं निम्मं नवरा चालवतो, तो नकाशे काढतो. त्यामुळे फलकात चूक शोधणं हातून आपोआप झालं. अक्षराची एकही चूक सापडली नाही. होती ती सगळी अर्थाची.

आता थोडं आमच्या थोरलीबद्दल. ती पाच वर्षांची. दिवसभर काहीतरी गुणगुणत असते म्हणून आम्ही तिला भुंगी म्हणतो. धाकटा दहा महिन्यांचा आहे. तो गुणगुणत नाही, थेट ओरडतो. दारूकामाच्या शेवटी धबधबा असतो: दोन खांबांना तार बांधतात आणि तारेवरून जमिनीपर्यंत ठिणग्यांचा पडदा सोडतात. गेल्या वर्षी तो सुटायच्या दोन मिनिटं आधी भुंगी माझ्या खांद्यावर झोपली. मी उठवलं नाही, ही माझी चूक. सकाळी तिच्या बाबानं हात उंचावून, तोंडानं 'सूंऽऽ' करत तिला सगळा धबधबा सांगितला, ही त्याची त्याहून मोठी चूक. तेव्हापासून वर्षभर घरात एकच विषय. दात घासताना धबधबा, वेणी घालताना धबधबा. "आई, झोपले तर उठवशील ना? गुदगुल्या केल्यास तरी चालेल." गुदगुल्या तिला अजिबात खपत नाहीत. म्हणजे सवलत केवढी मोठी होती बघा. मी शब्द दिला होता.

आणि धबधबा असतो खाली. बाण, झाडं, फुलं, सगळं आकाशात उडतं, ते पत्र्यावरून कुणालाही दिसणार. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो आणि पत्र्याची कड बरोबर माझ्या नाकाच्या रेषेत आली होती. टाचा उंचावल्या की खांबांची दोन टोकं दिसत. मधलं, खालचं, आमचं, तेवढं नेमकं पत्र्यामागे.

"आपण तिघं. सहाशे," नवरा म्हणाला. "घालूया की. धाकटा फुकट आहे."

"प्रश्न सहाशेचा नाहीये."

"मग कशाचा आहे?"

"आवाज आपल्या घरात फुकट येणार. धूर फुकट. राख वाळत घातलेल्या लंगोटांवर फुकट. मैदान आपलं, कर आपला. घरपट्टीच्या बिलात 'करमणूक उपकर' असा रकाना आहे, तो तू दर वर्षी भरतोस. आणि फक्त बघायचे वेगळे दोनशे?"

"करमणूक उपकर आहे?" तो म्हणाला. त्याला हे नवीनच होतं. नकाशात गल्लीबोळ दाखवणारा माणूस स्वतःचं बिल कधी वाचत नाही.

खाली आमच्या इमारतीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्या मावशींची गाडी असते. त्यांना तीन मुलं. मी त्यांना सहज विचारलं, तुम्ही जाणार का? मावशींनी इस्त्री शर्टाच्या कॉलरवर अशी दाबली, जणू ती कॉलर साहेबाची असावी.

"ताई, गेल्या साली तिथली राख उडून माझ्या गाडीवर आली. इस्त्री केलेले अकरा शर्ट परत धुतले मी. ती राख आली तेव्हा तिनं तिकीट काढलं होतं का हो?"

मी तिथेच ठरवलं, अर्ज करायचा. साधा एक अर्ज. अर्ध्या पानाचा.

अर्ध्या पानाचा अर्ज करायला आमच्याकडे किती माणसं लागतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आमच्या वर दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. जिन्यात चपला कशा ठेवाव्यात याचेही त्यांनी नियम केले आहेत, म्हणून आम्ही सगळे त्यांना मागून नियमकाका म्हणतो, आणि चुकून दोनदा समोरूनही म्हटलं आहे. सही मागायला गेले तर म्हणाले, "सही मिळणार नाही. तिकीट योग्यच आहे. फुकट ते पौष्टिक, ही वृत्तीच वाईट. मैदान झाडायला माणसं लागतात, बंब उभा ठेवावा लागतो, दारूकामवाला काय हवेवर जगतो? ज्याला बघायचंय त्यानं द्यावेत. ज्याला बघायचं नाही, त्याच्या करातून का?"

मला राग आला, कारण मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. "काका, मग ज्याला रस्त्यावरून चालायचंय त्यानंच दिव्याचे द्यावेत. मी हल्ली संध्याकाळी बाहेर पडतच नाही, माझे परत करा."

"अर्ज दाखवा," ते म्हणाले.

"पण तुमचा तर विरोध आहे ना?"

"विरोध मागणीला. मसुदा अशुद्ध गेलेला मला चालणार नाही." त्यांनी चष्मा चढवला आणि ओळीवर बोट ठेवून थांबले. "'फुकट प्रवेश मिळावा'? अहो, तुम्ही पालिकेला अर्ज करताय, की दुकानात पिशवी मागताय? 'विनामूल्य' लिहा. आणि 'मिळावा' नको, 'देण्यात यावा'. आणि डावीकडे दोन बोटं समास सोडा. समास नसला तर साहेब शेरा कुठे मारणार?"

जुळ्यांची आई शेजारच्या दारातून डोकावली. तिचे जुळे चार वर्षांचे आहेत आणि ती कुठेही गेली की आधी दरवाजा कुठल्या बाजूला आहे ते बघते. ती म्हणाली, "रडका सूर लाव जरा. 'लहान लेकरांच्या डोळ्यांतलं पाणी' वगैरे." नवरा म्हणाला, मैदानाचा नकाशा जोड. म्हटलं, पालिकेला स्वतःचं मैदान ठाऊक असेल. "तू फार आशावादी आहेस," तो म्हणाला.

मग अर्ज पुन्हा लिहायला बसले. बसले म्हणजे काय, धाकटा एका मांडीवर, भुंगी पाठीवर ओणवी, आणि गॅसवर दूध. आमच्या घरात माझ्या वाट्याला येणारा वेळ असा फुटाणे निवडल्यासारखा एकेक दाणा येतो. अर्धी ओळ लिहिली की दूध, पाव ओळ लिहिली की लंगोट. मधेच धाकट्यानं पेन ओढून तोंडात घातलं, ते काढलं, त्याची जीभ निळी झाली होती ती पुसली, आणि पुढे लिहिलं. सुवाच्य, समास सोडून, 'देण्यात यावा' घालून. नियमकाकांनी नजर फिरवली, एक स्वल्पविराम घातला आणि म्हणाले, "मसुदा उत्तम. मागणी चूक." खाली बत्तीस सह्या झाल्या. सही करताना एकानंही अर्ज वाचला नाही. तेवढा विश्वास माझ्यावर सगळ्यांचा होता. मुद्रितं तपासणाऱ्या बाईचा अर्ज कोण तपासणार?

पालिकेत धाकट्याला कडेवर घेऊन गेले. दारातल्या शिपायानं विचारलं, "कशाबद्दल?"

"दारूकामाबद्दल."

"चौथी खिडकी."

चौथ्या खिडकीशी लांब रांग होती. पाऊण तासानं माझ्या मागचा मिशीवाला गृहस्थ अदबीनं म्हणाला, "ताई, दुकान घरातच काढताय का? लहान बाळ घेऊन जमेल तुम्हाला?" मला कळेना. मग वर बघितलं. 'दारू परवाने, नूतनीकरण'. 'शोभेचं' तेव्हापासून लावते.

खरी खिडकी होती नववी, आवक-जावकची. तिथल्या कारकुनांना नवी कवळी बसवलेली होती आणि त्या कवळीला 'ळ' मानवत नव्हता.

"सगली कागदपत्रं आहेत? बरं. मूल कुठंय?"

"हे काय, कडेवर!"

"अर्जाचं मूल हो! ही तर नक्कल दिसतेय."

मूळ प्रत दिली. त्यांनी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि वर न बघता म्हणाले, "होणार नाही काही."

"का नाही होणार? तुमच्याच फलकावर लिहिलंय, सर्वांसाठी खुली."

"खुली म्हणजे उघड्यावर. वर छप्पर नाही."

"आणि 'सर्वांसाठी'?"

"सर्वांसाठी उघड्यावर," ते म्हणाले आणि खिडकी लावून घेतली.

कार्यक्रम शनिवारी होता. मंगळवारी पालिकेचं पत्र आलं. नवऱ्यानं जिन्यातच फोडलं आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली: 'आपण अर्जान्वये केलेली मागणी मान्य करण्यात येत आहे.' पुढचं वाचायची कुणाला गरज? जुळ्यांची आई माझ्या गळ्यात पडली. इस्त्रीवाल्या मावशींनी माझ्या नवऱ्याचे दोन शर्ट पैसे न घेता करून दिले. नियमकाका स्वतः खाली उतरले आणि "मसुदा," एवढंच म्हणून तर्जनी वर करून निघून गेले. भुंगी घरभर 'सूंऽऽ' करत फिरली. आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी माझं काही मान्य झालं होतं. मी संध्याकाळपर्यंत जरा ताठच चालत होते, ते खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी पत्र फाईलला लावायला घेतलं, आणि सवयीनं दुसरी ओळही वाचली.

'सबब सदर कार्यक्रमास नागरिकांच्या मागणीनुसार विनामूल प्रवेश देण्यात येईल. बारा वर्षांखालील कोणत्याही बालकास आत सोडले जाणार नाही. प्रवेशमूल्य पूर्ववत.'

विनामूल.

मी नक्कल काढली. माझंच अक्षर, सुवाच्य, दोन बोटं समास. 'आतषबाजीस आम्हा सर्वांना विनामूल प्रवेश देण्यात यावा ही नम्र विनंती.' ल पर्यंत लिहिलं होतं, तेवढ्यात पेन धाकट्याच्या तोंडात गेलं होतं. परत आलं ते थेट 'प्रवेश'वर. य त्यानं खाल्ला होता. लोक ध चा मा करतात असं ऐकलं होतं. माझ्या पोरानं य चा खाऊ केला. आणि मी, एका 'कि' ला 'की' करण्यासाठी छापखान्याशी तीन दिवस भांडणारी, बत्तीस सह्यांनिशी पालिकेला लिहून दिलं होतं की आमची पोरं आत घेऊ नका.

बुधवारी सकाळी पत्र्यावर नवा फलक होता. 'नागरिकांच्या आग्रहास्तव मुलांना प्रवेश नाही.' कुणा नागरिकांच्या, ते शोधायला चार गल्ल्यांना अर्धा तास पुरला. दहा वाजेपर्यंत आमच्या दारात नऊ आया होत्या.

"तुला त्रास होत असेल तुझ्या पोरांचा, आम्हाला आमची हवीत!" एक म्हणाली.

"अहो, एक य राहिला फक्त..."

"काय राहिला?"

"य!"

"य म्हणजे?"

आता य म्हणजे काय सांगणार? मी नक्कल दाखवली. जुळ्यांच्या आईनं ती वाचली, पुन्हा वाचली आणि हताशपणे म्हणाली, "तरी मी म्हणत होते, डोळ्यांतलं पाणी घाल." नियमकाका जिन्यावरून म्हणाले, "'फुकट'च बरं होतं. त्यात जोडाक्षर नाही." मी त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेला कुठल्याही नियमात जागा नाही.

दाराआड भुंगी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "मी मूल आहे?" तिनं विचारलं.

"हो गं."

"कधीपर्यंत?"

मी धाकट्याला उचललं आणि तडक साहेबाकडे गेले. साहेब तरुण होता. टेबलावर काच, काचेखाली काही नाही.

"बाई, अर्जात जे आहे ते आम्ही दिलं," तो शांतपणे म्हणाला. "आता तक्रार कसली?"

"अहो, विनामूल्य म्हणायचं होतं! लहान पोरगंही समजेल!"

"लहान पोरांनाच तर आत घ्यायचं नाही ना." त्याला स्वतःचा विनोद आवडला. "हे बघा, विनामूल्य मागितलं असतं, तर नामंजूर केलं असतं. विनामूल मागितलंत, आम्हालाही पटलं. पोरं म्हणजे जोखीम. धावतात, पडतात. मंजूर केलं. इतक्या वर्षांत मंजूर केलेला हा माझा पहिला अर्ज आहे."

"मग दुरुस्त करा."

"शुद्धिपत्रक काढावं लागेल. पंधरा दिवस."

"कार्यक्रम शनिवारी आहे!"

"म्हणजे शुद्धिपत्रक कार्यक्रमानंतर निघेल," तो म्हणाला. हिशोबात पक्का होता.

तेव्हा मात्र माझा बांध फुटला. "तुम्ही मैदानाला पत्रे लावलेत, ते कुणाच्या पैशांचे? आमच्या. ते कशासाठी? आम्हाला दिसू नये म्हणून! स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे पैसे माणसाकडून घ्यायचे आणि पट्टी सोडायचे वेगळे घ्यायचे, हा कुठला कारभार? बंबाचे पैसे लागतात, मान्य. झाडूवाल्यांचे लागतात, मान्य. दारात एक डबा ठेवा, ज्याला जमेल तो टाकेल, मी आधी टाकीन! पण ज्या बाईच्या अकरा शर्टांवर तुमची राख पडते, तिच्या पोरांनी तेवढंच बघायचं नाही? आकाश काय तुमच्या सासऱ्यांनी दिलंय?"

साहेबानं शांतपणे घंटी वाजवली. शिपाई आला. तोच, चौथ्या खिडकीवाला. "ताई, झालं का परवान्याचं?" त्यानं आपुलकीनं विचारलं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पत्र्याबाहेर रस्त्यावर जमलो. ठरवून नाही; आमच्या गच्चीला नियमकाकांचं कुलूप, जायला दुसरी जागा नव्हती. रस्ता आयाबाया, बाप, पोरं यांनी भरला. इस्त्रीवाल्या मावशींनी गाडी ओढत आणली होती आणि तिच्यावर सात पोरं चढली होती, तरी पत्रा त्यांच्या डोक्यावर पुरुषभर उरत होता. भुंगीला बाबानं खांद्यावर घेतलं. "दिसतंय?" "पत्रा दिसतोय." ती गुणगुणत नव्हती.

सातला पाच मिनिटं असताना फाटक करकरलं आणि साहेब बाहेर आला. टाय सैल झालेला. आत पाचशे खुर्च्या मांडल्या होत्या आणि बसली होती सात माणसं, त्यातले एक नियमकाका, तिकीट छातीशी धरून. मूल असलेल्यांनी तिकिटं काढली नव्हती, मूल नसलेल्यांना घरच्या गच्चीवरून आकाशातलं तेवढं पुरत होतं. आणि पालिकेचे अध्यक्ष येऊन पोहोचले होते. सोबत फोटोवाला.

"चला, चला, सगळे आत या," साहेब हात हलवत म्हणाला. "तिकीट नाही. या."

कुणी हललं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बुधवारी ज्या मला फाडून खात होत्या, त्याच आज मला पुढारी समजत होत्या. आया अशाच असतात.

"आणि मुलं?" मी विचारलं.

"मुलंही आणा!"

पण फाटकावरचा पहारेकरी आडवा झाला. "साहेब, फलक आहे. मुलांना नाही."

"अरे, मी सांगतोय ना!"

"लेखी द्या. उद्या तुम्हीच विचाराल."

मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. साहेबानं दात आवळत खिशातून तिकिटांचं पुस्तक काढलं, एकाच्या पाठीवर खरडलं आणि पहारेकऱ्याला दिलं. पहारेकऱ्यानं ते मला वाचायला दिलं, चष्मा घरी राहिला होता म्हणून. 'आज सर्व बालकांस प्रवेश विनामुल्य.' मु ऱ्हस्व. माझी बोटं पेनासाठी वळवळली. जन्मात पहिल्यांदा मी एक चूक डोळ्यांदेखत सोडून दिली. "बरोबर आहे," मी म्हणाले.

पण आत जायला पाय उचलेना. "आज रिकाम्या खुर्च्या भरायला फुकट," मी मोठ्यानं म्हणाले, "आणि पुढच्या वर्षी? आधी सांगा, हे पत्रे निघणार का? नाहीतर आम्ही आत येत नाही. भरा तुमच्या खुर्च्या पत्र्यांनी!"

मावशी म्हणाल्या, "बरोबर बोलली ताई." नऊ आया 'बरोबर' म्हणाल्या. साहेबाच्या कपाळावर घाम आला. मी आता पत्रे पाडूनच दम खाणार होते. तेवढ्यात आत कुणीतरी ओरडलं, "धबधब्याची तार बघून घ्या रे!" आणि वरून, बाबाच्या खांद्यावरून, माझा पदर ओढला गेला.

"आई," भुंगी अगदी समजुतीनं म्हणाली, "आधी धबधबा बघूया ना. मग भांड."

मी आत गेले. माझ्यामागून चार गल्ल्या आत गेल्या.

धबधबा सुटला तेव्हा भुंगी जागी होती. पांढऱ्या ठिणग्यांचा पडदा तारेवरून सरसरत जमिनीला टेकला, आणि तिनं ना टाळ्या वाजवल्या, ना 'सूंऽऽ' केलं. फक्त माझा कान धरला, घट्ट, जणू मी उठून जाईन की काय. इस्त्रीवाल्या मावशींचा मधला पोरगा खुर्चीवर उभा राहून ओरडत होता, "मावळत नाही, मावळत नाही!" मग मावळला. धाकटा सगळा वेळ झोपला होता. पुढच्या वर्षी त्याचा नंबर लागणार, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

आठ दिवसांनी पालिकेच्या फलकावर मोठा फोटो लागला. भरलेल्या खुर्च्या, पोरांचा समुद्र, खाली छापील ओळी: 'प्रवेशमूल्य लावूनही बालगोपाळांसह नागरिकांचा उदंड प्रतिसाद. सबब पुढील वर्षी पत्रे कायमस्वरूपी आणि प्रवेशमूल्य अडीचशे.' शुद्धलेखन निर्दोष होतं.

पहिल्या रांगेत मधोमध मी आहे. डोळे विस्फारलेले, तोंड उघडं, चेहऱ्यावर असा आनंद की साहेबानं जाहिरातीला पैसे देऊन बाई आणली असती तरी इतका जमला नसता. नियमकाका फोटोसमोर उभे राहून म्हणाले, "पुरावा भक्कम आहे." मी सगळ्यांना सांगते, मी तेव्हा निषेध करत होते, ओरडत होते. कुणी मानत नाही. भुंगी तर फलकापाशी नेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते, "ही माझी आई, बघा किती खूश आहे."

खूश नव्हते. अजूनही नाही. पण भडकलेल्या माणसाचा फोटो काढायचा असेल तर तो धबधबा सुटायच्या आधी तरी काढावा, एवढी साधी रीतही या पालिकेला नाही.